‘मजुरांनी सावकाश काम करून घातपात केला’ : सॅबोटाज या शब्दाचा अर्थ आणि उगम

शब्दवेडी (धागाकर्ती)

कामगार चळवळीच्या इतिहासावरील एका इंग्रजी निबंधाचा मराठी अनुवाद मी सध्या करीत आहे. परवा संपादकांकडून तपासून आलेल्या प्रतीत एका वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात दुसरे काहीही न लिहिता केवळ एक मोठे प्रश्नचिन्ह काढलेले होते. वाक्य असे होते : ‘मजुरी वाढवून न मिळाल्यामुळे गोदीतील मजुरांनी सावकाश काम करून घातपात केला.’ मूळ इंग्रजीत ‘सॅबोटाज’ हा शब्द आहे, कोशात त्याचा अर्थ घातपात असाच दिलेला आहे आणि मीही तो निमूटपणे उतरवला होता. घातपात म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उखडलेले रूळ, कापलेल्या तारा आणि ‘अपघात की घातपात?’ असा वृत्तपत्राचा मथळा येतो. सावकाश पोती उचलणारा हमाल काही येत नाही.

माझ्या शंका दोन आहेत. फ्रान्समधील कामगारांनी आपले लाकडी बूट, म्हणजे ‘साबो’, यंत्रांत फेकले आणि त्यावरून ‘सॅबोटाज’ हा शब्द निघाला, ही कथा शाळेपासून ऐकत आले आहे. ती खरी आहे काय? आणि खरी असेल, तर सावकाश काम करण्याला लेखकाने हा शब्द का वापरला असावा?

गिरणगावकर

बुटांची कथा मीही ऐकलेली आहे, आणि एकदा ती वडिलांना सांगितल्यावर त्यांनी ती जागीच निकालात काढली होती. ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रांवर (साच्यांवर), 26 वर्षे होते. त्यांचे म्हणणे असे पडले की, साचेवाल्याला पैसे मिळतात ते विणलेल्या कापडाच्या मापावर, त्यामुळे साच्यात चप्पल टाकणारा माणूस सर्वांत आधी स्वतःच्याच मजुरीवर पाय देतो. शिवाय ती चप्पल कोणाची हे शोधून काढायला जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, पाच मिनिटेही लागणार नाहीत, आणि सुटी झाल्यावर घरी अनवाणी जावे लागेल ते वेगळेच. हा काही व्युत्पत्तिशास्त्रातला पुरावा नव्हे, याची मला कल्पना आहे. पण ज्याने यंत्रापुढे उभे राहून आयुष्य काढले आहे त्याला ही कथा पटत नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

ल्योंकर

मी गेली काही वर्षे फ्रान्समधील ल्योंमध्ये राहतो. रेशीम विणणाऱ्यांचे हे जुने शहर असल्यामुळे येथे येणाऱ्या प्रत्येक भारतीय पाहुण्याला ही बुटांची कथा ऐकायची असते, आणि प्रत्येकाचा विरस करण्याचे काम माझ्याकडे असते. शब्दवेडीताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, मात्र बुटांचा संबंध मुळीच नाही असेही नाही. तो आहे, पण निराळ्या वाटेने आलेला आहे.

‘साबो’ म्हणजे लाकूड कोरून केलेले पादत्राण. बीच, आल्डर, विलो, अक्रोड अशा झाडांच्या लाकडाचे ते करीत, आणि ओल्या, चिखलाच्या शेतात ते चामड्याच्या जोड्यापेक्षा अधिक टिके. शेतकरी, मोलकरणी, गोठ्यात काम करणारी माणसे यांचे हे पादत्राण. ते पायाबरोबर वाकत नाही, त्यामुळे घालणाऱ्याची चाल जड होते, फरशीवर खडखडाट होतो आणि सवय नसलेला माणूस अडखळतो. यातूनच ‘साबोते’ हे क्रियापद आले. आधी साबोंचा आवाज करीत चालणे, ठोकणे, आदळणे अशा अर्थाने, आणि पुढे बोलीभाषेत ‘एखादे काम घाईघाईने व वाईट करणे’ या अर्थाने ते रुळले. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कोशांत हा अर्थ स्वच्छ नोंदवलेला आहे. वादकाने एखादी रचना भसाभसा वाजवून टाकली तर त्याने ती ‘साबोते’ केली असे म्हणत. येथे यंत्र नाही, संप नाही, शत्रूही नाही. केवळ धसमुसळेपणा आहे.

थोडक्यात, या क्रियापदाला आपला ‘पाट्या टाकणे’ हा वाक्प्रचार फार जवळचा आहे. मातीची पाटी टाकायची आणि मोकळे व्हायचे. ती कोठे पडली, बांध भरला की नाही, याच्याशी टाकणाऱ्याला कर्तव्य नाही. पाट्या टाकणारा काही मोडत नाही, पण त्याच्या हातून धड काही उभेही राहत नाही.

कथेची दुसरी अडचण काळाची आहे. यंत्रे फोडण्याचे आणि विणकरांच्या उठावांचे प्रसिद्ध प्रसंग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहेत. इंग्लंडमधील लडाइट म्हणवणाऱ्या कामगारांनी 1811 पासून विणकामाचे साचे फोडले, तेही हातोड्यांनी; ल्योंच्या ‘कानू’ म्हणजे रेशीम विणकरांचा उठाव 1831 चा. ‘साबोताज’ हा शब्द मात्र कामगारांच्या लढ्याच्या संदर्भात 1890 च्या दशकाअखेर येतो. बूट फेकल्यावरून शब्द पडला असता, तर तो मधली 60-70 वर्षे कोठे दडून बसला होता? कथा सांगणारे प्रसंगही सोयीने बदलतात. कोणी तो हॉलंडमध्ये नेतो, कोणी फ्लँडर्समध्ये, तर कोणी जॅकार्डच्या साच्याजवळ आणून ठेवतो. 1991 च्या एका लोकप्रिय विज्ञानपटात तर ही कथा अंतराळयानावर बसून सांगितलेली आहे. मात्र ती चित्रपटवाल्यांनी रचली असे समजू नये. हा शब्द इंग्रजीत आला तेव्हापासूनच ती त्याच्यासोबत फिरते आहे.

मांडवीकाठ

ल्योंकरांच्या प्रतिसादाला गोव्याकडून एक जोड देतो. ‘साबो’ हा शब्द एकटा जन्मलेला नाही. जुना, झिजलेला जोडा या अर्थाचा ‘सावात’ आणि बुटासाठीचा ‘बोत’ या दोन शब्दांच्या मिश्रणातून तो झाला, असे फ्रेंच कोशकार मानतात. या ‘सावात’ची भावंडे शेजारच्या सर्व भाषांत आहेत. स्पॅनिशमध्ये ‘सापातो’, इटालियनमध्ये ‘चाबात्ता’ (त्या नावाचा पाव मुळात सपाट, चपलेसारखा म्हणून चाबात्ता), आणि पोर्तुगीजमध्ये ‘सापातु’.

आता ‘सपाता’ आठवा. पायात सरकवायच्या स्लिपरांना आमची आजी कायम सपाताच म्हणत असे, आणि जुन्या मराठी लेखनातही हा शब्द भेटतो. तो पोर्तुगीज ‘सापातु’वरून कोकणीत आणि मराठीत आलेला आहे. म्हणजे इंग्रजीने फ्रेंचांकडून ‘सॅबोटाज’ उचलला त्याच्या कितीतरी आधी आपण पोर्तुगीजांकडून त्याचा चुलत भाऊ घेऊन दाराबाहेर काढून ठेवलेला होता. या कुळाचा मूळ पुरुष कोणत्या भाषेतला, यावर मात्र विद्वानांचे एकमत नाही.

रुळावरून

मी रेल्वेच्या स्थापत्य विभागातून निवृत्त झालो आहे. ‘सॅबोटाज’ शब्दाची आणखी एक व्युत्पत्ती आमच्या क्षेत्रात सांगितली जाते, ती अशी की, रूळ त्याच्याखालच्या आडव्या स्लीपरवर ज्या लोखंडी आधारात बसतो त्याला फ्रेंच लोक बूट म्हणत आणि 1910 च्या रेल्वे संपात संपकऱ्यांनी ते ‘बूट’ काढून टाकले, म्हणून सॅबोटाज.

यात अर्धे सत्य आहे. फ्रेंच रेल्वेच्या परिभाषेत ‘साबोताज’ नावाचे एक काम खरोखरच होते, आणि ते मोडण्याचे नव्हे तर बांधण्याचे होते! लाकडी स्लीपरवर रूळ किंवा त्याची खुर्ची, म्हणजे तो लोखंडी आधार, नीट बसावी म्हणून तेथे खाच तासावी लागते, त्या तासण्याला ते साबोताज म्हणत. आपल्याकडे लाकडी स्लीपर होते तेव्हा तेच काम मी गँगमनांकडून करवून घेतलेले आहे. रूळ सरळ उभा न राहता आतल्या बाजूला 20 स एक इतका झुकलेला असावा लागतो. तो उतार स्लीपरच्या लाकडातच वाकसाने तासून आणायचा, वर फर्मा ठेवून तपासायचा, आणि एका बाजूला प्रकाश दिसला की पुन्हा तासायचे. वाकस चालवणारा जुना माणूस असेल तर लाकडाचे सालपट सलग निघते, नवखा असेल तर चिपा उडतात आणि खाच खोल जाते. ज्या कामाला इतका जपून हात लागतो, त्याचेच नाव पुढे गाडी पाडण्याला मिळावे, हे विचित्र आहे खरे.

‘ब्रेक शू’ला फ्रेंच आजही साबोच म्हणतात असे ऐकले आहे. जाणकारांनी सांगावे.

ल्योंकर

बरोबर आहे. ब्रेकचा तो साबो, घोड्याचा खूर तोही साबो, आणि चुकीच्या जागी उभ्या केलेल्या मोटारीच्या चाकाला पोलीस जो अडकवतात, ज्याला आपण मुंबई-पुण्यात ‘जॅमर’ म्हणतो, तो ‘साबो द देन्व्हेर’, म्हणजे डेन्व्हर शहराचा लाकडी बूट. रणगाड्याच्या तोफगोळ्याभोवती बसवलेले आणि नळीबाहेर पडताच गळून पडणारे आवरण, त्यालाही इंग्रजीत साबोच म्हणतात.

1910 च्या संपावरून शब्द पडला असे म्हणता येत नाही, कारण तो त्याआधी किमान 13 वर्षे चळवळीत वापरात होता. पण त्या संपाने त्याला जगभर पोहोचवले, हे खरे. पंतप्रधान आरिस्तीद ब्रियाँ हे एके काळी स्वतः सार्वत्रिक संपाचे पुरस्कर्ते होते. त्यांनीच संपकरी रेल्वे कामगारांना लष्करी सेवेत रुजू होण्याचे हुकूम काढून संप मोडला. तारा तोडल्याच्या, सिग्नल बिघडवल्याच्या बातम्या इंग्लंड-अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत छापल्या गेल्या आणि ‘सॅबोटाज’ हा फ्रेंच शब्द इंग्रजी वाचकांच्या परिचयाचा झाला.

शब्दवेडी

सर्वांचे आभार. सपाता आणि साबो नात्यातले आहेत हे वाचून मी उठून दारातल्या चपलांकडे पाहून आले.

परंतु माझा पेच वाढला आहे. शब्दाचा बोलीतला अर्थ ‘वाईट काम करणे’ असा होता हे समजले. तो चळवळीत कोणी आणला, आणि माझ्या वाक्यातल्या गोदीतील मजुरांशी त्याचे काय नाते आहे?

संदर्भप्रेमी

तुमचे गोदीतील मजूर ग्लासगोचे असावेत, आणि तसे असेल तर तुमचे वाक्य या शब्दाच्या जन्मकथेतलेच आहे.

1889 साली ग्लासगोच्या गोदी कामगारांनी मजुरीवाढीसाठी संप केला. मालकांनी ती नाकारून शेतमजूर आणून बसवले आणि संप फसला. कामगार जुन्याच मजुरीवर परत कामावर निघाले, तेव्हा त्यांच्या संघटनेच्या सचिवाने त्यांना जे सांगितले त्याचा आशय असा : मालक म्हणतात की शेतमजुरांच्या कामावर ते संतुष्ट आहेत. आपण पाहिलेच आहे की त्या शेतमजुरांना जहाजावर धड चालता येत नव्हते, निम्मा माल त्यांच्या हातून पडत होता आणि दोघे मिळून आपल्या एकाचे काम करीत होते. मालकांना तसे काम चालत असेल, तर आपणही तसेच करू. काही दिवस त्यांनी खरोखर तसेच केले, आणि ठेकेदारांनीच पूर्वीसारखे काम करण्याची विनंती केली व वाढही दिली. या पद्धतीला स्कॉट लोक ‘का कॅनी’ म्हणत, म्हणजे ‘जपून हाक’, ‘सबुरीने चल’.

एमिल पूजे हा फ्रेंच अराजकतावादी पत्रकार 1894-95 मध्ये परागंदा होऊन लंडनमध्ये राहिला होता. ब्रिटिश संघटनांची कार्यपद्धती त्याने तेथे जवळून पाहिली. परत गेल्यावर 1897 मध्ये तुलूझ येथे भरलेल्या कामगार महासंघाच्या अधिवेशनात बहिष्कार आणि साबोताज यांवरचा अहवाल मांडला गेला. त्यामागे पूजे होता. या जोडीतला ‘बॉयकॉट’ आयर्लंडहून आलेला होता, तर दुसऱ्या हत्यारासाठी स्कॉटलंडचा ‘का कॅनी’ न घेता त्याने पॅरिसच्या कारखान्यांतला बोलीभाषेतला शब्द उचलला. पुढे लिहिलेल्या पुस्तिकेत त्याने स्वतःच सांगितले आहे की, हा शब्द तोवर केवळ कामगारांच्या बोलीत होता आणि ‘साबोच्या ठोक्यांनी केल्यासारखे काम’ एवढाच त्याचा अर्थ होता. त्याचे घोषवाक्य होते : ‘वाईट मजुरीला वाईट काम.’ श्रम ही विकण्याची वस्तू असेल, तर कमी भावात हलका माल द्यावा, हा त्यातला युक्तिवाद. बाजारात रोज भाजी घेणाऱ्या कोणालाही तो समजेल.

गिरणगावकर

‘वाईट मजुरीला वाईट काम’ वाचून वडिलांना पुन्हा छेडले. ते म्हणाले की, मोडतोडीची गरजच काय! धोट्यातली सुताची कांडी संपली किंवा आडवा धागा तुटला की साचा आपोआप थांबतो. जाणता साचेवाला कांडी बदलून, धागा लावून, बोलता बोलता तो पुन्हा चालू करतो. मन नसेल तेव्हा तोच माणूस कांडी हातात घेऊन पाहतो, धागा ओढून पाहतो, फणीकडे पाहतो, जॉबरकडेही पाहतो. सगळे नियमाप्रमाणेच चाललेले असते आणि संध्याकाळी कापड हातभर कमी भरते. याला त्यांच्या खात्यात काय म्हणत असे विचारले, तर म्हणाले, ‘हात राखून काम करणे.’

शब्दवेडीताई, ‘का कॅनी’ला यापेक्षा नेमका शब्द मिळेल असे मला वाटत नाही.

आडवा प्रश्न

आपण सर्व जण मिळून या शब्दाला फारच सोज्ज्वळ करीत आहात, असे मला वाटते. पूजेच्याच त्या पुस्तिकेत 1895 चे एका रेल्वे कामगार नेत्याचे वक्तव्य उद्धृत आहे, की एका विशिष्ट पदार्थाचे दोन पैसे खर्च करून तो नीट वापरला, तर आम्ही इंजिन चालू न होण्याच्या स्थितीत आणू शकतो. ही काही हात राखण्याची भाषा नव्हे. पॅरिसच्या न्हाव्यांनी दुकाने लवकर बंद व्हावीत म्हणून दुकानांच्या दर्शनी भागावर रंग जाळणारे द्रव फासल्याची हकिगतही तेथेच आहे. तेव्हा मोडतोड हा अर्थ नंतर शत्रूंनी चिकटवला, अशी मांडणी कोणी करीत असेल तर ती टिकणार नाही. घातपाताचे बीज पहिल्या पिढीतच होते.

संदर्भप्रेमी

आक्षेप मान्य आहे, आणि तो वेळेवर आला. दोन्ही अर्थ पहिल्यापासून शेजारी नांदत होते, असेच म्हटले पाहिजे. पण त्याच पुस्तिकेतले तिसरे टोकही पाहा, कारण मला ते सर्वांत विलक्षण वाटते. ‘उघड्या तोंडाचा साबोताज’ अशी एक पद्धत त्यात वर्णन केलेली आहे. दुकानातील नोकराने गिऱ्हाइकाला खरे सांगायचे. हे कापड धुतल्यावर आटेल, या लोण्यात चरबी मिसळलेली आहे, वजन पुरेपूर भरून द्यायचे, आणि खानावळीतील आचाऱ्याने रश्श्यात काय जाते ते बाहेर सांगायचे. मालकाचा नफा लबाडीवर उभा असेल, तर नोकराचा प्रामाणिकपणा हाच त्याच्यावरचा घाला ठरतो. गिऱ्हाइकाला त्रास न देता मालकाच्या खिशाला झळ पोहोचवावी, हे पूजेचे सूत्र होते. आता या प्रकाराला मराठीत ‘घातपात’ म्हणून पाहा बरे.

फ्रेंचांनी या कुटुंबातल्या इतर पद्धतींनाही फार चांगली नावे दिली आहेत. अधूनमधून काम मंदावत नेण्याला ते ‘मोत्यांच्या सराचा संप’ म्हणतात, एकेक मणी ओवावा तसा. आणि नियमावलीतले प्रत्येक कलम अक्षरशः पाळून काम ठप्प करण्याला ‘उत्साहाचा संप’. हा दुसरा प्रकार मुंबईच्या लोकलने जाणाऱ्यांना वेगळा समजावून सांगायला नको. ‘मोटरमनचे नियमानुसार काम’ ही पाटी फलाटावर वाचून त्यांनी घरचा रस्ता धरलेला आहे.

रुळावरून

नियमानुसार कामाबद्दल खात्यातल्या माणसाने बोलू नये, तरी एक वाक्य लिहितो : नियमपुस्तक पाळल्याबद्दल कोणालाही आरोपपत्र देता येत नाही, हीच त्यातली मेख आहे.

ल्योंकर

मग ‘घातपात’ हा अर्थ बाकीच्यांना खाऊन कसा बसला, याचे उत्तर मला अमेरिकेत आणि पहिल्या महायुद्धात दिसते.

पूजेच्या पुस्तिकेचा इंग्रजी अनुवाद आर्तुरो जोव्हानिती या इटालियन-अमेरिकन कवी-कार्यकर्त्याने 1912 साली मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्सच्या कापड गिरण्यांच्या संपानंतर तुरुंगात असताना केला. तेथून हा शब्द अमेरिकेतल्या ‘वॉबली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेने घेतला, आणि लाकडी बूट व पाठ फुगवलेले काळे मांजर ही त्यांची चिन्हे चिकटपट्ट्यांवर झळकली. बूट यंत्रात फेकण्याची कथा घरोघरी जायला अशा चित्रांचा हातभार लागला असणार, कारण बुटाचे चित्र पाहिले की माणूस कृती शोधतो, वाक्प्रचार शोधत नाही. तरीही त्याच संघटनेच्या एलिझाबेथ गर्ली फ्लिन यांनी 1916 च्या पुस्तिकेत सॅबोटाजची जी व्याख्या केली तिच्यात मालाचे प्रमाण घटवणे, कसब आखडून त्याचा दर्जा उतरवणे किंवा सेवा वाईट देणे, एवढेच आहे.

त्याच वर्षी 30 जुलैच्या रात्री न्यूयॉर्क बंदरातील ब्लॅक टॉम येथे दोस्त राष्ट्रांसाठी ठेवलेल्या दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट झाला आणि पुढे त्यामागे जर्मन हस्तक असल्याचे निष्पन्न झाले. 1918 मध्ये अमेरिकेने युद्धसामग्रीच्या नासधुशीविरुद्ध जो कायदा केला, त्याच्या नावातच सॅबोटाज होता. शब्द कारखान्यातून निघून गुप्तहेरांच्या हाती गेला तो असा, आणि त्यातला मजुरीचा प्रश्न मागेच राहिला.

संदर्भप्रेमी

आपल्याकडेही तो इंग्रजी सरकारी कागदपत्रांतून दिसतो तो याच युद्धकालीन अर्थाने. 1942 च्या आंदोलनात भूमिगतांनी तारा तोडल्या, रूळ उखडले, साताऱ्यात पत्री सरकार उभे राहिले, आणि सरकारदरबारी या सर्वांवर ‘सॅबोटाज’ असा शिक्का बसला. असे करणे अहिंसेत बसते काय, यावर भूमिगत नेते आणि गांधीजी यांच्यात मतभेद होता. 1944 मध्ये सुटून आल्यावर गांधीजींनी ते बसत नाही असे स्पष्ट सांगितले. तेव्हा मराठी कोशकारांनी या शब्दापुढे ‘घातपात’ लिहिला यात त्यांची चूक नाही. घात आणि पात, म्हणजे मारणे आणि पाडणे. त्यांच्या डोळ्यांपुढच्या घटनांना तो चपखल होता.

पण गंमत पुढे आहे. त्याच 1944 च्या जानेवारीत अमेरिकी गुप्तहेर खात्याने ‘साध्या सॅबोटाज’ची एक मार्गदर्शिका काढली, व्याप्त युरोपातल्या सामान्य नागरिकांसाठी. तीत यंत्रात वाळू टाकण्यासारख्या युक्त्या आहेतच, परंतु एक भाग कचेऱ्यांसाठी आहे. प्रत्येक काम रीतसर मार्गानेच पाठवण्याचा आग्रह धरा; लांबलचक भाषणे करा; विषय समितीकडे सोपवा आणि समिती होईल तितकी मोठी करा, पाचांहून कमी सदस्य नकोतच; पत्रातल्या शब्दयोजनेवर घोळ घाला; मागच्या सभेत ठरलेला विषय पुन्हा उकरून काढा. म्हणजे अर्धे शतक फिरून हा शब्द हेरांच्या हातून पुन्हा पाट्या टाकण्यापाशीच आला.

आडवा प्रश्न

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीत कोणाचे हस्तक बसले आहेत, हे आता समजले.

गंभीरपणे सांगायचे तर, लाक्षणिक अर्थासाठीही ‘घातपात’ जड पडतो. सभेत कोणी चांगल्या ठरावाचे वाटोळे केले तर आपण ‘मोडता घातला’, ‘बिब्बा घातला’, ‘पाचर मारली’, ‘खोडा घातला’ असे म्हणतो. यातल्या पाचर आणि खोडा या दोन्ही वस्तू लाकडी आहेत, आणि खोडा तर पायातच घालायचा असतो. फ्रेंचांच्या लाकडी बुटाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर वर्षभराने त्याचीही व्युत्पत्ती फिरू लागेल.

शब्दवेडी

काल रात्री हा सगळा धागा शेजारी ठेवून निबंध पहिल्यापासून तपासला. ‘सॅबोटाज’ त्यात 19 वेळा आला आहे आणि मी 19 ही ठिकाणी घातपात लिहिला होता. आता ब्लॅक टॉमचा स्फोट आणि युद्धकाळ या परिच्छेदांतला घातपात तसाच ठेवला आहे. तुलूझच्या अधिवेशनाच्या संदर्भात ‘साबोताज’ हा मूळ शब्दच ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘मुद्दाम पाट्या टाकणे’ असा खुलासा जोडला. ग्लासगोच्या वाक्याचे रूप आता असे आहे : ‘मजुरी वाढवून न मिळाल्यामुळे गोदीतील मजूर हात राखून काम करू लागले.’

एक जागा अजून अडलेली आहे. निबंधाच्या शेवटच्या भागात अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टिन व्हेब्लेन यांचा उल्लेख आहे. वॉबली लोकांची ‘कार्यक्षमता जाणूनबुजून आखडून घेणे’ ही व्याख्या घेऊन त्यांनी ती उलट मालकांनाच लावली. भाव पडू नयेत म्हणून कारखानदार क्षमता असूनही उत्पादन मुद्दाम कमी ठेवतात, तेव्हा तेही सॅबोटाजच करीत असतात, असे त्यांचे म्हणणे. येथे मजुरांसाठी एक शब्द आणि मालकांसाठी दुसरा, असे करून चालणार नाही, कारण दोघांना एकच शब्द लावणे हाच तर व्हेब्लेन यांचा मुद्दा आहे. ‘कारखानदार हात राखून उत्पादन करतात’ हे मराठीत उभे राहते काय?

गिरणगावकर

उभे राहते. वडिलांना वाक्य वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावले आणि म्हणाले, ‘बरोबर आहे. गोदामात माल तुंबला की आमच्या गिरणीत तिसरी पाळी बंद करायचे, ते हेच.’